पहिला हंडा विहिरीचा

३ एप्रिल २०२५, गुरुवार

पोहोचले एकदाची. बार्शीहून निघाल्यापासून डहाणू रोडला उतरेपर्यंत अठरा तास गेले, पण स्टेशनबाहेर ताडगोळे सोलून देणारी बाई भेटली आणि शीण उतरला. मला न्यायला जिग्नेश जीप घेऊन आला होता. हा आमच्या कंत्राटदार कंपनीचा साइट सुपरवायझर, डहाणूच्या मच्छीमार घरातला. ड्रायव्हरशी हिंदी, फोनवर गुजराती आणि माझ्याशी मराठी बोलतो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला ‘ने’ लावतो. आशागड गेलं, रानशेत गेलं, चिकूच्या वाड्या संपून सागाचं रान लागलं, आणि टेकडीच्या पायथ्याशी तळ्याचा पाडा आला. आमचं जलशुद्धीकरण केंद्र तिथेच आहे.

केंद्र छान आहे, खरंच. तीन बोअरवेल, उंच टाकी, पाण्यातला जडपणा काढणारे दोन मोठे निळे सिलिंडर, मिठाची खोली, पंपघर आणि माझी एवढीशी प्रयोगशाळा. तिला लागूनच राहायची खोली. सध्या चाचणी चालू आहे, म्हणून पाणी फक्त या पाड्याच्या बत्तीस घरांना जातं आणि उरलेलं ओढ्यात सोडतात. १ मेला नवी लाइन उघडणार, मग चौदा पाड्यांना आणि आश्रमशाळेला हेच पाणी. तोवर पाणी नियमात बसवून दाखवलं की माझी नोकरी कायम. सहा वर्षं कंत्राटावर काढल्यावर ‘कायम’ हा शब्द मी झोपेतही बडबडत असेन.

पंप चालवतो हाल्यादादा. साठीचा असेल, बोलण्यात भारी काटकसरी. त्याची बायको भिकीताई माझा स्वयंपाक करणार आहे. आवारात पाड्याची जुनी विहीर आहे, दगडी, आतून पांढऱ्या क्षाराचा जाड थर चढलेली. संध्याकाळी भिकीताईने तिथून पाणी काढलं. पहिला हंडा वर ओढला आणि तसाच परत विहिरीत ओतला. दुसरा डोक्यावर घेतला. मी विचारलं तर हसली. पहिला हंडा विहिरीचा असतो, म्हणाली. मला गंमत वाटली.

५ एप्रिल

इथलं कच्चं पाणी भलतंच जड. साबणाला फेस नाही, तूरडाळ सहा शिट्ट्यांनंतरही दाताखाली कचकचते. बोअरचं आणि विहिरीचं पाणी एकाच झऱ्याचं, त्यामुळे दोन्हीकडे तीच रड.

चाचणी सोपी असते. नमुन्यात रंगाचा थेंब टाकला की जड पाणी लाल होतं. मग नळीतून औषध थेंबाथेंबाने सोडायचं आणि पाणी निळं झालं की थांबायचं. जितकं औषध जास्त लागेल तितका जडपणा जास्त. कच्चं पाणी ६४० भरलं. सिलिंडरमधून गेल्यावर १९०. नियम दोनशेचा आहे, म्हणजे काठावर पास.

सिलिंडरमध्ये बारीक मण्यांसारखं रेझिन असतं, ते पाण्यातला चुना धरून ठेवतं. रोज मिठाच्या पाण्याने धुतलं की चुना त्या खाऱ्या पाण्यातून निघून जातो. आम्ही दिवसाला दोन लाख लिटर पाणी उपसतो. त्यातून निघणारं निव्वळ कॅल्शियम मोजलं तर छत्तीस किलो. माणसाच्या सगळ्या हाडांत मिळून एक किलो असतं. म्हणजे रोज छत्तीस माणसांची हाडं आम्ही पाण्यातून वेगळी काढतो. जेवताना हे जिग्नेशला सांगितलं, तर त्याने सुक्या बोंबलाची चटणी बाजूला सारली. थट्टासुद्धा कळत नाही या माणसाला.

९ एप्रिल

डोकं फिरायची वेळ आली आहे. पंपाचं मीटर एक आकडा सांगतं, टाकीचं दुसरा. रोज अडीच हजार लिटर पाणी मधल्यामध्ये गायब. पाइप पाहिले, जोड पाहिले, टाकीवर चढून उन्हात तासभर भाजून घेतलं. कुठे टिपूस गळत नाही. जिग्नेशला विचारलं तर टेन्शन घेऊ नका ने, म्हणतो. वापीच्या ऑफिसातले साहेब दिवसातून तीनदा फोन करतात आणि तिन्ही वेळा एकच प्रश्न विचारतात. हाल्यादादाला विचारलं तर तो टेकडीकडे बघतो. मी काय भिंतीशी बोलायला बार्शीहून आले?

११ एप्रिल

चोर सापडला. सकाळी सहाला पंपघरामागे जाऊन उभी राहिले. हाल्यादादा आला, पंप सुरू केला आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून बाजूचा एक जुना व्हॉल्व्ह उघडला. त्या पाइपचं दुसरं तोंड विहिरीत. पंधरा मिनिटं पाणी धो धो विहिरीत पडत होतं आणि हा बाजूला हात जोडून उभा. एवढ्यावर भागलं नाही. सिलिंडर धुतलेलं खारं पाणीही तो त्याच पाइपने विहिरीत सोडतो, केंद्र सुरू झालं त्या दिवसापासून.

मी आवाज चढवला. त्याचं म्हणणं असं, की पूर्वी प्रत्येक बाई आपापला पहिला हंडा परत ओतायची. आता सगळ्या पाड्याचं पाणी पंप ओढतो, तर सगळ्या पाड्याचा पहिला हंडा पंपाने द्यायला नको का? आणि पाण्यातून काढलेलं जे तिचं आहे, तेही तिला परत. त्याचा बाप हेच करायचा, आजाही. मग म्हणाला, ‘बाय, पयलं पाणी तिचं. तुझं काय जातं?’

माझं काय जातं? माझी नोकरी जाते. पिण्याच्या स्रोतात खारं सांडपाणी सोडलेलं कुणी तपासनीसाने पाहिलं तर सगळी योजना बंद पडेल. मी ऑफिसला लेखी कळवलं, की विहिरीत कोणत्याही प्रकारचं पाणी सोडणं ताबडतोब थांबवण्यात यावं. दुपारी त्या पाइपच्या जोडात लोखंडी पत्रा घालून चार बोल्ट आवळून घेतले. खारं पाणी आता प्लॅस्टिकचं अस्तर घातलेल्या खड्ड्यात वाळेल आणि क्षाराच्या गोण्या ट्रकने बाहेर जातील. पंप वापीच्या ऑफिसातूनच चालू-बंद होईल अशी यंत्रणाही जोडायला सांगितली, म्हणजे कुणाचा हात लागायला नको. मी नियमाने बरोबर होते, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

१५ एप्रिल

मीटर जुळलं. पण आता नवीनच कटकट. कच्च्या पाण्याचा जडपणा ४१० आला. चार दिवसांत एवढा उतरत नसतो. औषध शिळं असेल म्हणून डहाणूहून नवीन मागवलं. पुन्हा ४१०. साहेब म्हणाले, नीट मोजा मॅडम. मी सहा वर्षं हेच मोजते आहे.

भिकीताई खूश आहे. डाळ दोन शिट्ट्यांत शिजते.

१८ एप्रिल

कच्चं पाणी ९०. दोन्ही सिलिंडर बंद ठेवले, गरजच नाही. अंघोळीनंतर साबण अंगावरून सुटतच नाही, बुळबुळीत राहतो. फार मऊ पाण्याचं हेच लक्षण.

हाल्यादादा दुपारी येऊन दारात उभा राहिला. पत्रा काढ म्हणाला. मी नाही म्हटलं. तो गेला नाही, अर्धा तास तसाच उभा. शेवटी मी दार लावून घेतलं. त्याचं वाईट वाटतंय आता, पण रोज रोज काय समजावायचं?

२० एप्रिल

शून्य.

रंगाचा थेंब टाकला आणि पाणी लाल झालंच नाही, पहिल्या क्षणापासून निळं. दहा नमुने घेतले, दहाही निळे. जमिनीतून आलेल्या पाण्यात शून्य जडपणा? पावसाच्या पाण्यातही एवढा कमी नसतो. साहेबांना फोन केला तर ते आनंदाने ओरडले. मिठाचा खर्च वाचला, म्हणाले, तुमचं काम झालं समजा. मी घसा कोरडा करून सांगितलं, की आमच्या धंद्यात अशा पाण्याला भुकेलं पाणी म्हणतात. त्याच्यात चुना उरलेला नसतो, म्हणून ते भेटेल तिथून चुना काढून घेतं. सिमेंटमधून, पाइपच्या अस्तरातून. ते हो हो म्हणाले आणि मंडपवाल्याचा नंबर मागितला.

टाकीत संगमरवराची खडी टाकली, दोन पोती. यावर हाच उपाय असतो. ती विरघळायला एरवी महिने लागतात.

२१ एप्रिल

खडी नाही. दोन पोती खडी एका दिवसात गेली. टाकीच्या तळाला फक्त पोत्याचे धागे.

२२ एप्रिल

टाकीचं प्लास्टर हाताने खरवडलं तर वाळू निघते. विहिरीत डोकावले. पांढरा थर संपलाय, आत नुसता काळा दगड.

भिकीताईने अंडी उकडायला ठेवली होती. झाकण काढलं तर कवचंच नव्हती. नंतर कोंबडी शिजवली. मी तंगडी उचलली तर हाड दुमडलं, भिजलेल्या दोरीसारखं. तिने पातेलं उचललं आणि बाहेर नेऊन ओतलं.

हेच पाणी मी वीस दिवस पिते आहे.

२४ एप्रिल

सकाळी भिकीताईने हंडा उचलला आणि तिचं मनगट वाकलं. मोडलं नाही, वाकलं. आवाज झाला नाही आणि ती ओरडलीही नाही. जीपने डहाणूला नेलं. डॉक्टरांनी तीनदा एक्स-रे काढला. फिल्म खराब आहे म्हणाले, हाड नीट उमटतच नाही. गोळ्या दिल्या, कॅल्शियमच्या.

परत आल्यावर पाड्यात फिरले. सात म्हातारी माणसं अंथरुणावर. एका बाईने मला मूठ उघडून दाखवली. तिच्या दोन्ही मुलींचे दात, पक्के दात, एका रात्रीत पडलेले. दात कसले, खोडरबरासारखे दाबले जात होते.

सगळ्यांना सांगितलं, नळाचं पाणी पिऊ नका. मग कुठलं पिऊ, असं त्यांनी विचारलं. विहीर त्याच झऱ्याची. योजना सुरू झाली म्हणून टँकर बंद.

२५ एप्रिल

साहेब ऐकत नाहीत. पाणी बंद करा म्हटलं तर म्हणतात, पाहुणे ठरले, पत्रिका छापल्या. निदान पत्रा काढू द्या म्हटलं. त्यांनी मला माझंच पत्र पाठवलं, ११ तारखेचं. विहिरीत कोणत्याही प्रकारचं पाणी सोडणं ताबडतोब थांबवण्यात यावं. खाली माझी सही. तपासणी होईपर्यंत पत्रा हलणार नाही, तसं जिग्नेशलाही बजावलंय.

आश्रमशाळेच्या बाईंना फोन केला. दहा वर्षं वाट पाहिलीय या पाण्याची, म्हणाल्या. रिपोर्टवर सही तुमचीच आहे ना?

हो, माझीच.

२६ एप्रिल

आशागडहून चुन्याच्या वीस गोण्या आणवल्या, स्वतःच्या खर्चाने. जिग्नेशच्या मजुरांनी विहिरीत ओतल्या. चुना पाण्यात पडला की चरचरतो, वाफ येते. इथे काहीच झालं नाही. पडल्याचा आवाजही आला नाही.

दुपारी मोजलं. शून्य. हिला बाजारचं नको आहे. तिचं जे नेलं तेच परत हवंय, आणि त्या क्षाराच्या गोण्या ट्रकने कधीच गेल्या.

मेन स्विच बंद केला. ऑफिसने माणूस पाठवून चालू करवला.

२७ एप्रिल

पुन्हा बंद केला. आता स्विचच्या पेटीला कुलूप. जिग्नेशने घातलं, माझ्याकडे न बघता. मी त्याचा हात धरून पत्रा काढ म्हणाले, चार तर बोल्ट आहेत. एक तारीख होऊ दे ने मॅडम, मग काढतो, मला घर आहे ने. तो घरून बाटली आणतो. इथला एक घोटही पीत नाही. म्हणजे त्याला माहीत आहे.

भाकरी चावताना दाढ वाकली. दुखलं नाही. ते जास्त—

२८ एप्रिल

पाना घेऊन बोल्टाशी बसले. जोर लावला तर बोल्ट फिरला नाही, बोटं फिरली. अंगठा उलटा मनगटाला टेकला. सरळ करून पट्टी बांधली.

हाल्यादादा आला. गुडघ्यांवर हात ठेवून, थांबत थांबत. त्याने पाना धरून पाहिला, हातातून गळून पडला. मी माफी मागितली. रडले. तो म्हणाला, ‘तुला ठाव नव्हतं, बाय.’ मग विहिरीकडे बघत बसला. उशिरापर्यंत.

२९ एप्रिल

हाल्यादादा नाही. विहिरीच्या काठावर चपला, नीट जोडून ठेवलेल्या.

गळ टाकला. पाणी फक्त चार हात आहे. कपडे आले. कमरेचा करगोटा आला. बाकी काही नाही. जिग्नेश म्हणतो उंबरगावला कामाला गेला असेल. कपड्यांशिवाय?

भिकीताई रडली नाही. पहिलं पाणी द्यायचं काम त्याच्या घराचं होतं, एवढंच म्हणाली.

रोजचा सकाळी सातचा नमुना सवयीने घेतला. थेंब टाकला.

लाल.

नऊ दिवसांनी लाल. दोनदा मोजलं. बारा. एक किलो कॅल्शियम, दोन लाख लिटर पाणी. छत्तीस किलो काढून जडपणा साडेचारशेने उतरत होता, त्या हिशेबाने गणित करून पाहिलं. बाराच येतात.

३० एप्रिल

सकाळी पुन्हा शून्य. एका माणसाला एक दिवस.

आवारात मंडप लागला. साहेबांचं पत्र आलं, पुष्पगुच्छाबरोबर. उद्यापासून मी कायम.

चालता येत नाही. पाय वजन घेत नाहीत. गावात आणखी अकरा— भिकीताईला माझ्या खोलीत आणून झोपवलंय. जिग्नेशचा फोन बंद.

आश्रमशाळेची मुलं उद्या स्वागतगीत म्हणणार. आज तालीम झाली. दोनशे दहा मुलं. सगळ्यांचे दात दिसत होते.

रात्रभर बोल्ट. दुसरा उपाय नाही.

१ मे

साडेपाच. पेन मनगटाला बांधलंय. बोटं नुसती—

तीन बोल्ट निघाले. पान्याला दोरी, दोरीवर अंगाचा भार. चौथा हलत नाही. माझ्यात भारच उरला नाही.

सहाला पंप. वापीहून, आपोआप. मीच सांगितलं होतं.

मंडपात बायका जमल्या आहेत. चौदा पाड्यांच्या, रिकामे हंडे घेऊन, हंड्यांना झेंडूचे हार. हाक मारली. जबडा मिटत नाही, शब्द होत नाही. एकीने हात हलवला. तिला वाटलं मी—

भिकीताई जागी आहे. तिला कळलंय. तिने मान हलवली, हो की नको ते समजलं नाही.

विहीर वीस पावलं. सरपटत जमेल.

नमुना घेणाऱ्यासाठी. सातला घ्या. लाल झाला तर आजचा दिवस मुलांना पाजा. फक्त आज. मग चौथा बोल्ट काढा. पत्रा काढा. पहिलं पाणी तिचं, रोज, न चुकता. ११ तारखेचं पत्र फाडा.

बारा येणार नाहीत. माझ्यातलं बरंच आधीच गेलंय. सात-आठ आले तर समजा की मी